तिरपी चालणारी जीप

पावसाळ्यात मालेगावहून मेहकरकडे जाताना केनवडला थोडा वेळ थांबा आणि शेतातून डांबरावर चढणाऱ्या गाड्यांकडे बघा. चाकांना चिकटलेली काळी माती पहिल्या पन्नास-शंभर पावलांत रस्त्यावर गळते आणि त्या गाडीची वाट डांबरावर उमटते. बैलगाडीच्या दोन रेघा, ट्रॅक्टरचे मोठाले तिरपे दात, जीपचे चार पट्टे. जीप सरळ असेल तर मागच्या चाकांचे पट्टे पुढच्या पट्ट्यांवर बसतात. मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा कमी-जास्त असेल, तर दोन्हीकडे सारखेच आत किंवा बाहेर पडतात. एका बाजूला मागचा पट्टा बाहेर डोकावतोय आणि दुसऱ्या बाजूला आत दडलाय असं दिसलं, की ती गाडी खेकड्यासारखी चालते आहे असं समजावं. तिचं नाक एकीकडे असतं आणि ती जाते दुसरीकडे.

माझ्या मामांची कमांडर जीप अशी चालत होती, आणि वर्षभर कुणाच्या ते लक्षात आलं नाही. स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही थोडं उजवीकडे धरावं लागे. मामांनी दोनदा पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. दुसऱ्या वेळी कारागिराने ड्रॅग लिंकची, म्हणजे स्टिअरिंग चाकांशी जोडणाऱ्या दांड्याची, लांबी बदलून स्टिअरिंग सरळ करून दिलं. लक्षण पुसलं गेलं, दुखणं राहिलं. ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढायची, ॲक्सिलरेटर दाबला की दुसरीकडे. पुढचे टायर झिजतच राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता मामांना गाडी पुढे न्यायला सांगितली. स्वतः मागे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, पुढं काई नाई पाहाचं. तुमची गाडी मागून तिरपी जाऊन राह्यली. पाटे पाहा."

हे प्रकरण त्या पाट्यांबद्दल आहे.

पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वेटोळ्यासारखी वळवलेली असतात. त्याच्याखाली एकापेक्षा एक आखूड पट्टे रचलेले असतात. ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये ओबादाया एलियट याने १८०४ मध्ये घोडागाड्यांसाठी पाट्यांच्या कमानीचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या लोकांनी या कमानीचं सुख अनुभवलं ते टांग्यात. बैलगाडीत आख साटीखाली थेट बांधलेला असतो. त्यामुळे हाडं खिळखिळी होतात, पण आख जागचा हलत नाही. कमान आली आणि बसणाऱ्याला आराम मिळाला, पण आखाची घट्ट जागा गेली. आता तो लवचीक पट्ट्यांच्या भरवशावर आपल्या जागी टिकून असतो. पुढची सगळी गोष्ट या एका बदलातून निघते.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंग फक्त वजन पेलते आणि आखाला जागेवर धरायला वेगळे दांडे लावलेले असतात. पाट्यांच्या गाडीत असे दांडे नसतात. पाटाच वजन पेलतो, पाटाच आखाला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकू देत नाही. चाकं रस्त्याला मागे ढकलतात तेव्हा गाडीला पुढे नेणारा रेटा चेसिसपर्यंत पोचतो तोही पाट्यातून. ब्रेक लागल्यावर आखाला मिळणारा पीळ पुन्हा पाट्यालाच सोसावा लागतो. एवढी कामं एका वस्तूकडून करून घेणारी ही रचना स्वस्त, साधी आणि मजबूत आहे. म्हणूनच १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला घेतल्या, त्या चारही चाकांना पाटे लावलेल्या होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाटेच होते. अँबॅसेडरला मागे पाटे, मारुती ओम्नीला मागे पाटे, जिप्सीला चारही बाजूंना, बोलेरोला आजही मागे. वऱ्हाडात काळी-पिवळी म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी जीपही याच घराण्यातली. तेव्हा हे दुखणं एका मामांच्या गाडीपुरतं नाही.

मागच्या आखाची जागा नेमकी कोण ठरवतं, हे नीट समजून घेऊ, कारण गॅरेजातही इथेच घोटाळा होतो. पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये पिनेने बसवलेलं असतं आणि ती पिन पुढे-मागे हलत नाही. मागचं टोक मात्र शॅकलवर, म्हणजे झोक्यासारख्या दुव्यावर टांगलेलं असतं. वजन पडलं की कमान सपाट होते आणि तिच्या दोन टोकांमधलं अंतर वाढतं. त्या वाढीला वाट हवी म्हणून मागे झोका ठेवलेला असतो. म्हणजे आख कुठे असेल ते पुढच्या पिनेपासूनच्या अंतरावर ठरतं.

पट्ट्यांच्या मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट असतो. त्याचं गोल डोकं आखाच्या हाउसिंगवरच्या बैठकीतल्या भोकात बसतं. वरून दोन यू बोल्ट सगळा गठ्ठा हाउसिंगला आवळून धरतात. सेंटर बोल्टच आखाला धरून ठेवतो, असं बहुतेकांना वाटतं. तो फक्त जागा दाखवतो. धरून ठेवायचं काम यू बोल्टच्या आवळणीने तयार होणाऱ्या घर्षणाचं आहे. यू बोल्ट ढिले झाले की सगळा रेटा त्या बिचाऱ्या बोटाएवढ्या बोल्टवर येतो, आणि रोजच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या हिसक्यांनी तो एक दिवस कातरला जातो. तुटलेले तुकडे पट्ट्यांच्या गठ्ठ्यातच अडकून राहतात, बाहेरून काही दिसत नाही. आख मात्र त्या बाजूने मोकळा होतो आणि हळूहळू मागे किंवा पुढे घसरतो.

मामांच्या जीपचा आख उजव्या बाजूने असा मागे घसरला होता, १२ मिलिमीटरने. हा आकडा ऐकून मामा म्हणाले, "एवढ्याशाने काय होतं?" त्याचं उत्तर शाळेतल्या त्रैराशिकात आहे. दोन बाजूंच्या पाट्यांमधलं अंतर साधारण एक मीटर. म्हणजे मीटरमागे १२ मिलिमीटरचा तिरपेपणा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटर धरा. त्या लांबीवर तोच तिरपेपणा ३० मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास. मागची चाकं गाडीला नाकाच्या दिशेने ढकलत नाहीत, ती आपल्या आखाशी काटकोनात ढकलतात. उजवी बाजू मागे गेली की तो रेटा उजवीकडे झुकतो. मग सरळ जायचं तर पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे वळवून धरावी लागतात, आणि गाडीचं शेपूट उजवीकडे बाहेर पडून चालतं. काळ्या मातीच्या ठशांत जो पट्टा बाहेर डोकावतो, त्या बाजूचा आख मागे आहे किंवा दुसऱ्या बाजूचा पुढे आला आहे, एवढं त्यावरून कळतं.

आख तिरपा आहे म्हणून टायर खाल्ला जातो, असं सरसकट म्हणतात. तिरपा पण घट्ट बसलेला आख टायर फारसा खात नाही. गाडी वाकडी चालते, पण चारही चाकं आपापल्या दिशेने नीट घरंगळत राहतात. टायर खातो तो हलणारा आख. ब्रेकला तो एकीकडे सरकतो, वेग घेताना दुसरीकडे. मागची चाकं आपल्याला न विचारता स्टिअरिंग फिरवत असतात, आणि चालक पुढच्या चाकांनी त्याची सतत दुरुस्ती करत राहतो. ती दुरुस्ती टायरच्या रबरातून वसूल होते. मामांच्या गाडीत दोन्ही होतं, तिरपेपणाही आणि हालचालही. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात हे जाणवत नाही, सगळा दोष रस्त्याला दिला जातो. आता याच भागातून समृद्धी महामार्ग जातो. सपाट काँक्रीटवर वेग वाढवला की तेच दुखणं स्टिअरिंगमधून थेट हातात येतं.

पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून हे का सापडलं नाही? साध्या गेजने पुढच्या दोन चाकांचं एकमेकांशी असलेलं नातं मोजलं जातं. ती दोघं एकमेकांशी अगदी बरोबर असू शकतात आणि तरीही मागच्या आखाशी त्यांचं जमत नसेल. चारही चाकांवर डोकी लावून मोजणारं यंत्र हा फरक दाखवतं. पण त्यासाठी शहर गाठावं लागतं, आणि तिथेही जुन्या जीपचा मागचा आख फिरवायला खटका नसतो म्हणून कारागीर तो आकडा लाल दिसला तरी पुढे जातो. माझं मत स्पष्ट आहे. पाट्यांच्या जुन्या गाडीला आधी मागे मोजावं, मग पुढे हात लावावा. उलट्या क्रमाने केलेलं अलाइनमेंट म्हणजे पाया तिरपा ठेवून दाराची चौकट तासणं.

पायाचा दाखला मुद्दाम दिला. मोजण्याची जी रीत मिस्त्रींनी वापरली, ती गवंड्याचीच आहे. घराचा पाया आखताना चारही बाजू मोजल्यावर गवंडी दोन कर्ण मोजतो. कर्ण सारखे आले तर कोपरे काटकोनात. जीपखालीही असाच चौकोन आखायचा. लागतं काय? ओळंबा, खडू, सुतळी, पोलादी टेप आणि सपाट फरशी. सोयाबीन वाळवायला केलेला सिमेंटचा ओटा यासाठी उत्तम. गाडी त्यावर सरळ आणून उभी करायची, जॅक लावायचा नाही, वजन चाकांवरच हवं. चारही टायरमध्ये हवा सारखी. दोन्ही पाट्यांच्या पुढच्या पिनेच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुली करायची. मग हाउसिंगवर दोन्ही बाजूंना अगदी सारख्या जागेवरून, समजा ब्रेकच्या प्लेटच्या आतल्या कडेजवळून, आणखी दोन फुल्या. गाडी पुढे ढकलून बाजूला केली की फरशीवर चार फुल्यांचा चौकोन उरतो, आणि अंधाऱ्या चेसिसखाली लोळून मोजण्याऐवजी उजेडात उकिडवं बसून मोजता येतं.

डावीकडची पुढची फुली ते मागची फुली, आणि उजवीकडची तशीच. या दोन अंतरांत फरक असेल तर आख तिरपा आहे. ही दोन्ही सारखी पण कर्ण वेगवेगळे आले, तर आख काटकोनात आहे, पण सगळाच्या सगळा एका बाजूला सरकला आहे. तेव्हा शॅकल आणि पिनांभोवतीचे बुश झिजल्याचा संशय घ्यावा. प्रत्येक अंतर तीनदा मोजा. ओळंबा वाऱ्याने हलतो, खडूची फुली जाड पडते. एक-दोन मिलिमीटर त्यातच जातात. जुन्या गाडीत ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. ५च्या वर गेला की पाटे उघडावेतच. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावून बघण्याची सोपी रीतही आहे, पण तिच्यावर विसंबू नका. जीपला पुढेही पाटेच आहेत. फरक आला तरी पुढचा आख सरकला की मागचा, हे त्यातून कळत नाही. चेसिसवरच्या न हलणाऱ्या पिनेपासून मोजलं की ते कळतं.

मामांच्या ओट्यावर डावीकडे ५७१ मिलिमीटर आले, उजवीकडे ५८३.

फरक सापडला की लगेच सेंटर बोल्टकडे धावण्याचीही गरज नाही, कारण आख सरकण्याच्या वाटा अनेक आहेत. चेसिसवरचं ब्रॅकेट गंजून किंवा तडकून वाकलेलं असू शकतं. पुढच्या पिनेचं बुश खाल्लेलं असू शकतं. मेन पाटा वेटोळ्याजवळ किंवा मधल्या भोकातून तडकलेला असू शकतो. तडा बहुतेकदा याच दोन जागी सुरू होतो. कधी एखाद्याने बदललेला पाटा उलटा बसवलेला असतो. पुष्कळ पाट्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो, पुढचा अर्धा भाग मागच्यापेक्षा आखूड किंवा लांब असतो. असा पाटा फिरवून लावला तर सगळं नवं कोरं असूनही गाडी तिरपी चालते. मालक हैराण होतो, कारण त्याने तर नवाच माल टाकलेला असतो.

आणखी एक कारण खेड्यापाड्यांत फार आढळतं, ते म्हणजे एकाच बाजूची कमान चढवणं. पाटे बसले, गाडी एका अंगाला झुकली, की मालक त्या बाजूचे पाटे काढून कमानवाल्याकडे नेतो. तो ते ठोकून पुन्हा गोलाई देतो. झुकाव जातो, पण आखाचं काय होतं ते हिशेबाने बघा. १२०० मिलिमीटर लांबीचा मेन पाटा १०० मिलिमीटर उंच कमानीत असेल तर त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर साधारण ११७८ येतं. कमान ७५वर आली की तेच ११८७च्या पुढे जातं. पुढचं टोक पक्कं असल्याने यातली निम्मी वाढ आखाच्या वाट्याला येते, जवळजवळ ५ मिलिमीटर. म्हणजे एका बाजूची कमान इंचभर कमी-जास्त असेल तर सगळे बोल्ट शाबूत असूनही आख तेवढा तिरपा होणार. म्हणून पाटे नेहमी जोडीने काढावेत, जोडीने चढवावेत, आणि दोन्हीकडे पट्ट्यांची संख्या आणि जाडी एकच ठेवावी. जास्त माल भरायचा म्हणून एकीकडे एक पट्टा वाढवणं हे तर दुखणं विकत घेणं आहे.

कमानवाल्याकडे गेलात तर एक आग्रह धरा. पट्टा गॅसने लाल करून वाकवू देऊ नका. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णता देऊन स्प्रिंगचा गुण आणलेला असतो. उघड्या ज्योतीवर लाल केलेल्या जागी तो गुण मरतो. तिथे पट्टा एक तर मऊ पडून पुन्हा बसतो किंवा ठिसूळ होऊन मोडतो. तुटलेल्या मेन पाट्याला वेल्डिंग करून गाडी चालवणारेही आहेत. दहा माणसं बसलेली गाडी एका वेल्डिंगच्या टाक्यावर चालवू नये. तो पाटा बदलायचाच असतो.

मामांच्या जीपचं निदान ठरल्यावर काम दोन तासांचं होतं, पण त्यातला अर्धा तास मिस्त्रींनी गाडी टेकवण्यात घालवला आणि तो वाया गेला नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके. चेसिस उचलून दोन लोखंडी घोड्यांवर. हाउसिंगखाली वेगळा जॅक. आपल्याकडे दगडावर दगड रचून गाडी टेकवतात. काळा दगड कितीही टणक असला तरी त्याच्या दोन घडीव नसलेल्या बाजूंमध्ये घसरण असते, आणि खाली माणसाची छाती असते. लाकडाचे चौकोनी ठोकळे चालतील, दगड नको. आणि पाट्याची पिन बसवताना भोकात बोट घालून जागा चाचपायची सवय असेल तर ती आजच सोडा. तिथे सळईच घालावी.

उजवीकडचे यू बोल्ट सोडल्यावर सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या बैठकीत सुटं सापडलं, तुटलेल्या जागी घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. म्हणजे तो तुटून बरेच महिने झाले होते. आदल्या उन्हाळ्यात त्या बाजूचा एक पट्टा बदलला होता. तेव्हा जुनेच यू बोल्ट पुन्हा लावले होते आणि नंतर कुणी पाना लावला नव्हता. एकदा पूर्ण ताणलेला यू बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही, म्हणून पाटे उघडले की तो नवा घालावा. मिस्त्रींनी गठ्ठा शिकंजात दाबून नवा सेंटर बोल्ट घातला, बैठकीचं भोक लांबट झालं नाही ना ते बघितलं. झालं असतं तर नवा बोल्टही त्यात डुलला असता. मग जॅकने हाउसिंग हळूच पुढे आणत बोल्टचं डोकं भोकात बसवलं. नवे यू बोल्ट एकदम एका बाजूने न आवळता तिरपे, आलटून पालटून आवळले. चारही नटांबाहेर सारखेच आटे दिसेपर्यंत.

बुश रबरी असेल तर टोकाच्या पिनांचे नट शेवटी, गाडी खाली उतरवून वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. गाडी टांगलेली असताना आवळलं तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीत जखडतं, गाडी उतरल्यावर पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं. जुन्या विलिस घराण्यातल्या जीपमध्ये मात्र आट्यांचे शॅकल आणि ग्रीसचे बुश सापडतात. त्यांतले काही उलट्या आट्यांचे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी आटे बघा. तिथे ग्रीस गनचा नेम चुकवू नये एवढंच.

मग गाडी वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे नेली, मागे दोन माणसं चढून चार हिसके दिले. पाटे आपल्या जागी बसू द्यावे लागतात, नाहीतर माप खोटं येतं. पुन्हा ओळंबा, पुन्हा फुल्या. डावीकडे ५७१, उजवीकडे ५७३. त्यानंतर ड्रॅग लिंक मूळ लांबीवर आणून स्टिअरिंग सरळ केलं, आणि मगच पुढच्या चाकांचं अलाइनमेंट. यावेळी एकदाच.

पाचशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळायला मिस्त्रींनी बोलावलं होतं. मामा गेले. चारपैकी तीन नट पाव फेऱ्याच्या आसपास फिरले. नवे बोल्ट ताणले जातात, पट्ट्यांमधला रंग आणि गंज दबतो, म्हणून पहिली आवळण ढिली पडतेच. आदल्या वर्षी हा एक फेरा चुकला होता आणि त्याचीच किंमत मामांनी टायरमध्ये मोजली होती.

जीपच्या चेसिसवर, उजव्या चाकाच्या आत, पांढऱ्या ऑइल पेंटने तारीख आणि दोन आकडे लिहिलेले आहेत: ५७१, ५७३. तुमच्याकडे पाट्यांची जुनी गाडी असेल, तर ती नीट चालत असतानाच एक सकाळ काढून ओळंबा सोडा आणि तिचे आकडे असेच लिहून ठेवा.